डोंगराकडेच्या बरडावर जेसीबी लावू का? (गायरान, मुरूम, मेंढरं आणि गवत)

बरडकर
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. गाव शिरूर-पारनेरच्या हद्दीवर, नोकरी पिंपरीत. वाटणीत डोंगराकडेचं नऊ एकर बरड माझ्याकडे आलंय. आजोबा तिथं हुलगा-मटकी करायचे, बरं साल असलं की बाजरी, आता पंधराएक वर्षं नांगर लागलेला नाही. वरच्या अंगाला लागूनच गावाचं गायरान आहे, साठेक एकर असेल, आणि त्याच्यावर डोंगराचा सपाट माथा. गायरानात यंदा मशीननं चर मारून झाडं लावायचा प्लॅन आलाय आणि सगळे म्हणतायत की मशीन आलंच आहे तर तुझ्याही नऊ एकरात फिरवून घे, डिझेलपुरते पैसे दे. मला आपलं वाटतंय की चार पैशाचा चारा निघावा आणि खालच्या विहिरीला मार्चपर्यंत पाणी टिकावं, बाकी अपेक्षा नाही. पावसाळ्यात गायरानावर मेंढरं असतात ती माझ्याही रानात उतरतात, त्यावरून चुलत्यांची दरवर्षी भांडणं. जेसीबीवाल्याला आठवड्यात हो-नाही सांगायचंय. काय करू?

गावगुंडी
विचारताय काय, लावा जेसीबी. चर मारा, झाडं लावा, मेंढरं बंद करा, विषय संपला. हिवरे बाजार तुमच्यापासून लांब नाही, एक रविवार जाऊन या.

माती_मास्तर
बरडकर, हो म्हणायच्या आधी एक काम करा. पहार घ्या आणि वरपासून खालपर्यंत सरळ रेषेत पाच ठिकाणी खड्डा घ्या, माती किती बोटं आहे आणि खाली काय लागतं ते लिहून इथं टाका. मी माती सर्वेक्षणात नोकरी केली, निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण खड्डा बघितल्याशिवाय बोलायची सवय नाही.

तोवर थोडं पाल्हाळ लावतो. आपला हा सगळा दख्खनचा डोंगर म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. भूगर्भवाले याला डेक्कन ट्रॅप म्हणतात, त्यातला ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आला, आणि लांबून कुठलाही डोंगर बघा, जिनाच दिसतो. कारण असं की काही थर घट्ट काळ्या पाषाणाचे, ते झिजत नाहीत, त्यांचा कडा उभा राहतो. मधले थर पोकळ्यांचे, त्यात पांढरी गारगोटीसारखी खनिजं भरलेली, विहिरी खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात, ते लवकर कुजतात आणि त्यांचा हलका उतार तयार होतो. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटेसारखी लाल मातीची पट्टी असते. पावसाळ्यानंतर डोंगराला ज्या उंचीवर झरा पाझरतो ती उंची नीट बघा, बहुतेक वेळा दोन थरांचा सांधा तिथंच असतो.

आता मातीचं बघा. माथ्यावर वीतभर पण नाही, नुसता मुरूम आणि दगड. मधल्या उतारावर तांबूस भुरकी, हलकी. पायथ्याला मध्यम काळी आणि ओढ्याकडेला खोल काळी, उन्हाळ्यात भेगा पडणारी. पण दगड वर-खाली एकच हो! फरक एवढाच की वरून जे बारीक धुऊन गेलं ते खाली साठलं. खालच्या काळ्या रानात जी ताकद आहे ती कधीकाळी तुमच्या बरडावरचीच.

एक हिशोब डोक्यात ठेवा. एक हेक्टरवरून फक्त १ मिमी माती गेली तर ती साधारण १३ टन होते, म्हणजे तीन-चार ट्रॉल्या. डोळ्याला काहीच दिसत नाही. आपल्या देशाची सरासरी धूप वर्षाला हेक्टरी १६ टनांच्या पुढे आहे असा १९८३ मधला अंदाज अजून सगळीकडे वापरतात. ज्याच्याकडे मुळात दहा सेंमी माती आहे त्यानं भागाकार करून बघावा.

उगाच_एक
मास्तर, चौथीत असं शिकवलं असतं तर आम्ही भूगोलात नापास झालो नसतो.

बरडकर
मास्तर, रविवारी जाऊन खड्डे घेतले, हाताला फोड आलेत. गायरानाच्या वरच्या टोकाला ८ सेंमीवर पहार खणकन वाजली, काळा दगड. त्याच्या खालच्या खड्ड्यात १५ सेंमी माती आणि मग ठिसूळ पिवळट मुरूम, पहार जात होती. माझ्या रानाच्या वरच्या बांधाला २२ सेंमी, मध्यात ३०, आणि विहिरीजवळ पहार सगळी आत गेली तरी मातीच. मधल्या उतारावर दोन ओघळी आहेत, एक गुडघाभर. गवत म्हणाल तर बहुतेक कुसळीच, पॅन्टीला आणि मोज्याला इतकी टोचली की बायकोनं ते मोजे सरळ फेकून दिले.

मेंढका
राम राम. आमी धनगर, मूळ गाव फलटणकडं, मी आता एमआयडीसीत हाय पण वाडा (मेंढरांचा फिरता तळ) अजून चुलता आणि भाऊ चालवत्यात. म्हणून जरा लांब लिवतो, रागावू नका.

पहिली गोष्ट. मेंढरं पावसाळ्यात तुमच्या माळाला का येत्यात ते कुणी इचारत नाय. दिवाळी झाली की आमी घाट उतरून कोकणात, तिथं भातकापणी झाल्यावर रानात मेंढरं बसवायची, शेतकरी धान्य नायतर पैसं देतो, लेंडीखत मिळतं म्हणून. पावसाच्या आधी परत वर. कोकणात पावसाळ्यात ऱ्हायलं तर खुरं सडत्यात, मेंढरू लंगडून मरतं. आन देशावर पावसाळ्यात समद्या शेतात पीक. मग ऱ्हायलं काय? माळ, गायरान आन फॉरेष्ट. फॉरेष्टात गेलं की दंड. तवा गायरान बंद करा म्हणणाऱ्यानं जून ते सप्टेंबर दोनशे मेंढरं कुठं उभी करायची तेवढं सांगावं.

दुसरी गोष्ट, कोवळं गवत मेंढराला पण चांगलं नसतं, हागवण लागती, आमच्या म्हाताऱ्याला ते ठावं हाय. म्हातारा ओल्या लाल मातीत उतारावर मेंढरं घालतच नव्हता, खूर रुततं आन माती निसटती म्हणायचा. आडवं चारत न्यायचं, उभं उतरवायचं नाय. उभ्या वाटेची पुढल्या साली ओघळ व्हती. तुमची ती गुडघाभर ओघळ वाटंवरच पडली आसंल, बघा जाऊन.

बरडकर
दादा खरंय. विहिरीवर पाणी पाजायला गुरं सरळ खाली उतरायची, आजोबांच्या काळापासून, तीच वाट. डोक्यातच आलं नव्हतं.

गावगुंडी
मेंढका, तुमची अडचण मान्य पण हिवरे बाजारनं चराईबंदी केली म्हणूनच डोंगर हिरवा झाला हे तर खोटं नाही ना? चारशे मिमी पावसाचं गाव आहे ते.

पाणलोट_ताई
गावगुंडी, खोटं नाही पण अर्धं आहे. मी अठरा वर्षं पाणलोटाच्या कामात आहे, नगर आणि बीड दोन्हीकडे. हिवरे बाजारला १९९० च्या आसपास पोपटराव पवार सरपंच झाल्यावर जे झालं त्यात नुसती चराईबंदी नव्हती. कुऱ्हाडबंदी होती, शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही असं ठरलं होतं, श्रमदान होतं, आणि मुख्य म्हणजे डोंगरावरचं गवत कापून न्यायला लोकांना मोकळीक होती. मोकळं सोडलेलं जनावर दाव्याला आलं आणि चारा विळ्यानं दारात आला. ग्रामसभा बसून ठरवते आणि पाळते म्हणून ते चाललं. तुम्ही फक्त 'बंद'चा बोर्ड लावला तर पहिल्या वर्षी राखणदार, दुसऱ्या वर्षी भांडण, तिसऱ्या वर्षी बोर्ड चुलीत. मी स्वतः तीन गावात पाहिलंय.

आणि बरडकर, मशीनबद्दल. चर वाईट नाही, सलग समतल चर हे चांगलंच काम आहे, ६० सेंमी रुंद ३० सेंमी खोल, हातानं आखून, ए-फ्रेमनं (ए आकाराची लाकडी तिकटी) पातळी काढून, माती खालच्या अंगाला भरावात. पण तुमच्या खड्ड्यांचे आकडे बघा. वर ८ सेंमीवर काळा पाषाण. तिथं चर खणून काय होणार, डबकं! दगड पाणी पीत नाही. शिवाय त्या आठ सेंमीत जी काय गवताची मुळं धरून बसली आहेत ती उलथून त्यावर मुरूम पडणार, मग पाच-सात वर्षं तिथं गाजरगवत आणि तरवड. जिथं पिवळट ठिसूळ मुरूम लागला तिथं, त्या पट्ट्यात चर द्या, पाणी तिथंच मुरेल. मशीन वर चढवायला जो रस्ता करतात ना उभा, तो रस्ता म्हणजे पुढच्या पावसाची ओघळ, मेंढक्याच्या म्हाताऱ्याचाच नियम जेसीबीला पण लागू.

माझ्याच एका कामावर हे झालंय. अंदाजपत्रकात मीटर होते, मीटर भरायचे होते, पातळी काढणारा पोरगा रजेवर, ठेकेदारानं नजरेनं चर मारले. सप्टेंबरात एका रात्रीत ९० मिमी झाला, वरचा चर एका टोकाला भरला, फुटला, त्याचं पाणी खालच्यात, तो फुटला, असे सात चर ओळीनं. खालच्या बाईच्या तुरीत मुरमाचा ढीग. मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले, तिनं चहा दिला आणि एक शब्द बोलली नाही, ते अजून आठवतं.

पडकईवाला
आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातून लिहितोय. ताई म्हणतात ते तुमच्या कोरड्या पट्ट्याला ठीक आहे, पण आमच्याकडे, जिथं दोन-अडीच हजार मिमी पडतो आणि उभ्या उतारावर जाड माती बसलीय, तिथं कुणी पाणी मुरवायचा उत्साह दाखवू नये. ३० जुलै २०१४ ला डोंगर घसरून माळीण गाव गेलं, दीडशे माणसं. खाली खडक, वर माती, लागून पडलेला पाऊस, माती पाण्यानं जड होऊन घसरते. आमच्याकडे पाणी आडवायचं नसतं, शांतपणे वाट काढून द्यायची असते. एकाच जिल्ह्यात दोन टोकं आहेत आणि योजनेचा कागद मात्र एकच.

किवीदेशी
मी न्यूझीलंडात, पामर्स्टन नॉर्थजवळ. मेंढरांचे डोंगर म्हणजे इथलं रोजचं. तुमचं वाचून गंमत वाटली कारण इथं उलटं झालं. गोऱ्यांनी येऊन जंगल तोडून जाळून मऊ मातीच्या डोंगरावर कुरणं केली, गवताची मुळं वरवरची, झाडांची खोल मुळं कुजून गेल्यावर डोंगर सुटायला लागले. १९८८ च्या मार्चमध्ये बोला वादळात पूर्व किनाऱ्याचे डोंगर अक्षरशः सोलून निघाले, २०२३ ला गॅब्रिएलमध्ये परत तेच. इथले लोक आता पॉप्लर आणि विलोचे माणसाहून उंच सोट कुरणातच लांब लांब अंतरावर रोवतात, खाली मेंढरं चरतात वर झाड माती धरतं. पण त्यांच्याकडे माती खोल आहे म्हणून जमतं. तुमच्या आठ सेंमीत सोट रोवायचा म्हणजे दगडात खिळा.

सडाफटिंग
झाडांवरून आठवलं. मी साताऱ्याचा, सडे (डोंगरावरची कातळी पठारं) फिरणं हा धंदा नसून रोग आहे. कासला फुलांसाठी कुंपण घातलं, गुरं बंद केली, तर काही वर्षांनी गवत माजून फुलं दबली अशी ओरड स्थानिकांनीच केली आणि शेवटी कुंपण काढलं. म्हणजे चराई हा नुसता रोग नाही, कुठे कुठे औषध आहे, डोस महत्त्वाचा.

आणि तुमच्या पूर्वेकडच्या माळावर झाडं लावायची ही हौस मला कळत नाही राव. तिथं कधी घनदाट जंगल होतं असं गृहीत धरून चालतात सगळे. बाभूळ, हिवर, खैर, बोर तुरळक आणि मध्ये गवत, तो माळ मूळचाच तसा आहे. इंग्रजांनी महसूल येत नाही म्हणून त्याला पडीक ठरवलं आणि तोच शिक्का आपण अजून मारतोय. सोलापूरला नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य केलं, का तर त्याला मोकळं गवत लागतं. लांडगा, खोकड, धाविक, चंडोल सगळे गवतातले. त्यात ग्लिरिसिडियाच्या झाडांच्या रांगा लावल्या की सावलीला गवत मरतं, खाली उघडी माती, आणि शेळी पण ते खाताना तोंड वाकडं करते.

गावगुंडी
म्हणजे झाडं लावायची नाहीत, चर खणायचे नाहीत, मेंढरं बंद करायची नाहीत. मग करायचं काय, धागा वाचत बसायचं?

माती_मास्तर
गावगुंडी, रास्त प्रश्न. करायचं ते असं, आणि क्रमानं, वरून खाली.

माथा आणि काळ्या दगडाचा पट्टा: हात लावायचा नाही. विखुरलेले दगड आडव्या ओळीत रचायचे, तेही जमिनीत रुतलेला दगड उपटायचा नाही. रुतलेल्या दगडामागे माती आणि बी अडकलेलं असतं, तो आधीच तुमचा बांध आहे. फुकटचा.

मांजऱ्याचा पट्टा, १५ ते ३० सेंमी: ताई म्हणाल्या तसे हाताचे चर, भरावावर मारवेल गवताचे ठोंब लावा, राहुरी कृषी विद्यापीठाकडे मिळतील. स्टायलोचं बी गरम पाण्यात बुडवून, सुकवून पहिल्या पावसाला फेकायचं, द्विदल आहे, जमिनीला नत्र मिळतं. ओघळीत अनगड दगडी बांध, तळापासून सुरुवात न करता वरच्या टोकापासून, नाहीतर खालचा बांध वरच्या पाण्यानं वाहून जातो. गुरांची वाट तिरपी वळवा, आधी हे करा, बाकी सगळं नंतर.

आणि मूळ मुद्दा: विश्रांती. गवताला काय हवं असतं? पहिल्या पावसानंतर सहा ते आठ आठवडे डोकं वर काढू द्यायचं, आणि तीन-चार वर्षांतून एकदा तरी बी पिकून झडू द्यायचं. बस. अख्खं बंद करायची गरज नाही. गायरानाचे चार तुकडे करा, दरवर्षी एक तुकडा पावसाळाभर बंद, बाकी तीन मेंढराला. पुढच्या वर्षी दुसरा.

तुमच्याकडे कुसळी आहे हा निरोप आहे. बरडावरचं चांगलं गवत पवना, शेडा, मारवेल. जनावर आधी ते खातं, कुसळी टाळतं, कारण तिचं कुसळ तोंडाला लागतं, लोकरीत शिरतं. म्हणून वर्षानुवर्षं ताण पडला की पवना जातो आणि कुसळी उरते. तिच्यावरही ताण आला की मग वीतभर उंचीची एकसाली गवतं, आणि त्यानंतर नुसता मुरूम. तुम्ही मधल्या पायरीवर आहात, परत चढता येतं. कुसळीला शिव्या देऊ नका, ओल-कोरड बदलली की तिचं कुसळ पिळा घेत फिरतं आणि बी स्वतःच मुरमात घुसवतं, दुसऱ्या कुणाला जमत नाही ते.

मेंढका
मास्तर चार तुकड्याचं बोललात ते आमच्या म्हाताऱ्याला पटंल. पण ठरवताना आमाला बोलवा. ग्रामसभेत ठरवून आमाला दंडाची पावती देऊ नका. आन बरडकर दादा, तुमचं खालचं चार एकर बी पडच हाय ना? जुलैत आमाला तिथं वाघर (मेंढरं कोंडायची जाळी) लावू द्या रातीची, वरचं पाच एकर आमी सोडतो. लेंडी तुमची, राखण पण तुमची फुकट.

बरडकर
दादा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो. चुलत्यांना समजावणं हा वेगळा धागा काढावा लागेल.

उगाच_एक
लवकर ठरवा. आमच्या गायरानाचं सगळं भिजत घोंगडं एका दिवसात सुटलं, सोलार आलं. सौर कृषी वाहिनी. आता मेंढरं पण नाहीत, गवत पण नाही, चर पण नाहीत, तारेचं कुंपण आणि बोर्ड.

पाणलोट_ताई
हे चेष्टेत घेऊ नका. दिवसा शेतीला वीज मिळणार हे चांगलंच आहे, पण जागा निवडताना 'पडीक' असा शेरा बघून निवडतात. ग्रामपंचायतीच्या ठरावात गायरानाचा चाऱ्यासाठीचा वापर, किती जनावरं, कुठल्या महिन्यात, हे लिहून ठेवा. जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २२ मध्ये गुरचरणासाठी जमीन राखून ठेवायची तरतूद आहे. वापर कागदावर नसेल तर ती जमीन रिकामीच दिसते.

बरडकर
मंडळी, दीड वर्षानं धागा वर काढतोय, माफी. अपडेट देणं लागतो.

गायरानात मशीन आलंच, माझं कुणी ऐकलं नाही, पण सरपंचांनी एवढं केलं की वरचा काळ्या दगडाचा पट्टा सोडायला लावला. जिथं मारले तिथले निम्मे चर पातळीत आहेत, भरून राहिले, त्यांच्या खालच्या बाजूला हिरवं टिकलं. उरलेल्यातले दोन फुटले आणि मशीन चढायच्या रस्त्याची आता कमरेएवढी ओघळ झालीय. झाडं शंभरातली दहा-बारा जगली असतील, ती पण हिवराची, जी न लावता पण आली असती. चार तुकड्यांचं अजून ठरावात नाही, चर्चेत आहे. चर्चेत म्हणजे चहात.

माझ्या रानात मशीन नाही. वाट तिरपी केली, आठ दगडी बांध घातले (मी, भाऊ आणि दोन गडी, कंबर गेली), मधल्या पट्ट्यात हातानं चर. वरचं पाच एकर दोन पावसाळे बंद. मेंढक्यादादांचा वाडा खाली अकरा रात्री बसला, चुलते पहिल्या रात्री काठी घेऊन गेले आणि दुधाचा चहा पिऊन आले. यंदा त्या चार एकरात मटकी आहे, बघण्यासारखी आहे. विहीर मार्चपर्यंत नाही पण जानेवारी अखेरपर्यंत गेली, आधी दिवाळीलाच तळ दिसायचा, अर्थात गेल्या साली पाऊसही बरा होता तेव्हा सगळं श्रेय बांधांना देत नाही.

मास्तर, तीन फोटो टाकलेत. तिसऱ्यातलं गवत ओळखा, वरच्या बांधाच्या कडेला आठ-दहा ठोंब दिसले, कुसळीपेक्षा मऊ आहे, बैलानं दोरी ताणून तेच आधी खाल्लं.

माती_मास्तर
फोटो हललाय, पण तुरा बघता पवना वाटतोय. एक काडी जवळून, पांढऱ्या कागदावर ठेवून टाका.

मेंढका
पवन्याच हाय. भावानं म्हाताऱ्याला दाखवला फोटो, म्हातारा म्हणतो दिवाळीपतुर कापू नका, बी झडू द्या. आन बैल लांब बांधा.